शेंदरी ठिपक्याची कॅसेट

आईच्या घशातली गाठ काढायची तर स्वरयंत्रही काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा जालन्यात येऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. बँकेतली बदली, भाड्याचं घर, अजून न उघडलेली खोकी, आणि त्यात हे. ऑपरेशन संभाजीनगरला, येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी. त्यानंतर आई जगणार, जेवणार, रुसणार, सगळं करणार, फक्त आवाज नसणार. डॉक्टर हे फार हळू आणि गोड बोलून सांगत होते, आणि मला त्यांच्या त्या गोडपणाचाच राग येत होता.

परतताना गाडीतच मी मोबाईल काढला आणि म्हटलं, काहीतरी म्हण, रेकॉर्ड करून ठेवते. आईनं माझा हात झटकला. तिचा आवाज तेव्हा पत्र्यावर वाळू घासावी तसा झाला होता.

"ही घरघर कशाला भरून ठिवतीस?" ती म्हणाली. "भरून ठिवण्यासारखा होता तव्हा भरलाय एकानं. तो आण."

आईचं माहेर राजूरजवळचं. लग्न होऊन ती साताऱ्याकडे गेली आणि चाळीस वर्षं तिकडचीच झाली. माझ्या बदलीमुळे इकडे परत आली, तर आठवड्याभरात तिची भाषा माहेरी जाऊन बसली. तिनं त्या दिवशी गाडीत पहिल्यांदाच सांगितलं ते असं: राजूरच्या गणपतीला चतुर्थीची गर्दी लोटते, त्या रस्त्यावर तेव्हा एक भोंगेवाला होता. लग्नाआधी एकदा त्यानं तिला भजनात गौळण म्हणताना ऐकलं, आपल्या शेडमध्ये माईकपुढे बसवलं आणि कॅसेट भरली. मग वर्षभर दर चतुर्थीला पहाटे भोंग्यावर हिचा आवाज.

मी मोबाईल खाली ठेवला. आमच्या घरात आईनं आरतीच्या पुढे कधी सूर लावला नव्हता. तिला गाता येत नाही असंच मी आजवर धरून चालले होते, आणि ही बया असं लपवून बसली होती! एकदा माझ्या डोक्यात काही शिरलं की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. रविवारी मी राजूर गाठलं.

भोंगेवाला कधीच वारला होता. त्याच्या मुलाचा आता डीजे आहे, पिकअपवर रचलेले काळे डबे आणि लाइटी. माणूस मात्र भला निघाला. वडिलांची पद्धत त्यानं नीट सांगितली. भोंगा सुरू व्हायचा पहाटेच्या अंधारात, आणि दिवसाची पहिली कॅसेट देवाचीच लागली पाहिजे. अंधारात चुकून फिल्मी गाणं लागलं तर गाव शिव्या घालणार. म्हणून कॅसेटींना ऑइलपेंटचे ठळक ठिपके: लग्नाच्या पिवळे, पाठवणीच्या निळे, देवाच्या शेंदरी. शेंदरी ठिपक्याच्या कॅसेटवर वडील दुसरं काही कधी भरत नसत, कुणाला हातही लावू देत नसत.

"पर आता माझ्याजवळ एक बी न्हाई, ताई," तो म्हणाला. "डीजे घेतला तव्हा समदं एकदम इकून टाकलं. जुन्या जालन्यात एक जण जुन्या रेकॉर्डीचे तवे घेतो, त्यानं टेम्पो भरून नेलं."

त्याचं नाव? आठवत नाही. गल्ली? ठाऊक नाही. तव्यांचं दुकान म्हणा, कुणी बी सांगंल.

कुणी बी सांगेना. बँक सुटली की मी रोज संध्याकाळी हिंडत होते. सदर बाजारातल्या वाद्यांच्या दुकानात प्लास्टिकच्या पिशवीतले कीबोर्ड आणि ढोलक्या होत्या. मालकानं मुलाला शिकवायचंय का म्हणून विचारलं आणि माझं पुरतं ऐकून न घेता तीन कीबोर्ड वाजवून दाखवले. दुसऱ्या दुकानात नुसते अॅम्प्लिफायर आणि माणसाएवढे स्पीकर. तिथला पोरगेला मालक म्हणाला, कॅसेट? मॅडम, पेनड्राइव्हमध्ये टाकून देतो, गाणं कोणतं ते बोला. त्याला काय बोलणार, कपाळ! पेटी दुरुस्त करणाऱ्यानं कुंडलिका नदीच्या पुलापलीकडे पाठवलं, पलीकडच्यानं परत अलीकडे. घरी आले की आई दारातच माझ्या तोंडाकडे बघायची आणि काही न विचारता ताट वाढायची. तिचा आवाज रोज थोडा थोडा बसत चालला होता, आणि आता तिला पाणीही सावकाश गिळावं लागत होतं.

गुरुवारी एका बँडवाल्यानं पत्ता सांगितला. ओट्यावर क्लॅरिनेट पुसत बसला होता. जुन्या जालन्यात गादीवाल्याच्या मागं, हिरवं शटर. मी पोचले तेव्हा शटर अर्धं खाली आलं होतं.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. जुने रेडिओ, उलटे ठेवलेले भोंगे, सुया गेलेले ग्रामोफोन, आणि भिंतभर उभे लावलेले तवे. मालक म्हातारा, गोल टोपी घातलेला, तिरसट. मी एक तवा ओढला तर वसकन अंगावर आला, की हात नका लावू बाई, बघायचं तर लांबून बघा. राजूरचा माल? हां, घेतलाय. तवे ठेवलेत, पुण्याहून गिऱ्हाईक येतं. कॅसेटी पोत्यात भरल्यात.

"कॅसेटला आज गिऱ्हाईक न्हाई. प्लास्टिकला आहे," तो म्हणाला. "सुबे गाडी येते न्यायला."

मी म्हटलं, चाचा, आत्ता शोधते, मला एकच पाहिजे. तर म्हणे पोती सगळ्यात मागं, खाली, लाइट नाही, घरी पाहुणे आलेत, जल्दी जायचंय. सकाळी या. आणि गाडी माझ्या आधी आली तर? "मंग नसीब," असं म्हणून त्यानं शटर ओढलं. मी त्या बंद शटरवर एक थाप मारली. त्यानं काही झालं नाही, माझाच तळवा झिणझिणत राहिला.

सकाळी मी रजा टाकली. आई म्हणाली, मी पण येते, तुला काय कळणार कंची माझी ते. रिक्षानं गल्लीत शिरलो तर दुकानापुढे टेम्पो उभा, आणि हौद्यात दोन पोती आधीच चढलेली. ड्रायव्हर गाडीला चावी लावत होता. मी रिक्षातून उडी मारली आणि टेम्पोच्या पुढ्यात उभी राहिले. तो हॉर्न वाजवत होता, मागून एक मोटारसायकलवाला ओरडत होता, म्हातारा दुकानातून हात हलवत येत होता. मी म्हटलं, पोती खाली घ्या, नाहीतर गाडी माझ्या अंगावरून न्या. बँकेतल्या माझ्या साहेबांनी मला त्या अवतारात पाहिलं असतं तर पुन्हा बदली केली असती.

शेवटी म्हाताराच वैतागून म्हणाला, उतरव रे, हिचं होऊ दे एकदाचं. गल्लीतच पोती उपडी केली. शेकडो कॅसेटींचा ढीग झाला. पिवळे ठिपके, निळे ठिपके, बहुतेकांचे कागद गळून गेलेले. मी फतकल मारून बसले आणि शेंदरी तेवढ्या वेगळ्या काढायला लागले. आईला म्हाताऱ्यानं स्टूल दिलं. शेंदरी मूठभरच निघाल्या, आणि सगळ्या सारख्या. ड्रायव्हर घड्याळ बघत होता. एकेक लावून ऐकायची म्हटली तर दिवस जाईल आणि म्हातारा काही दिवसभर ऐकवणार नाही, हे मला दिसत होतं.

आईनं त्या मांडीवर घेतल्या. कॅसेटच्या मागच्या कडेला एक छोटी टिकली असते, ती मोडली की त्यावर पुन्हा भरता येत नाही. देवाच्या कॅसेटींच्या टिकल्या त्या भोंगेवाल्यानं मोडलेल्या होत्या. आई प्रत्येकीची कड बोटानं चाचपत गेली आणि एकीवर थांबली. त्या खाचेत कागदाचा बोळा ठासून बसवलेला होता.

"हीच," ती म्हणाली.

मला काही कळेना. मग कळलं. टिकली मोडल्यावरही पुन्हा भरायचं असेल तरच कोणी तिथे कागद कोंबतं. म्हणजे हिच्यावर दुसरं काहीतरी भरलं होतं. देवाच्या कॅसेटवर कधी दुसरं न भरणाऱ्या माणसानं फक्त हिच्यावर भरलं होतं.

"आमच्या दादांनी सांगितलं असंल," आई खाली बघून म्हणाली. "लग्न जमलं माझं आन् भोंग्यावरचा माझा आवाज एकाएकी बंद झाला, तव्हाच शंका आली व्हती. सासरचे जत्रेला आले आन् पोरीचा आवाज भोंग्यावर ऐकला तर काय म्हणतील, असं घरात चाललं व्हतं."

दादा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. माझे लाड करणारे, मला खांद्यावरून जत्रेत नेणारे. त्या क्षणी ते समोर असते तर मी त्यांना काय बोलले असते सांगता येत नाही. आईला म्हटलं, आणि तू काही बोलली नाहीस? ती म्हणाली, मला कोणी इचारलं व्हतं? तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं, त्यामुळे मला जास्तच संताप आला.

म्हातारा तोवर कान देऊन ऐकत होता. तो आत गेला, एका डेकवरची धूळ फुंकली आणि हात पुढे केला. कॅसेट सुरू झाली. पुरुषांचं भजन, टाळ, पखवाज. आम्ही ऐकत राहिलो. भजन संपलं, दुसरं सुरू झालं. मध्येच आवाज जाडा झाला, ओढल्यासारखा, आणि डेकनं फीत गिळली. मी ओरडलेच. म्हाताऱ्यानं झाकण उघडलं, चुरगळलेली फीत बोटानं सोडवली, पेन्सिल घालून गुंडाळली. तुटली असती तर तिथेच खेळ संपला असता. त्यानं पुन्हा लावली. भजन चालूच. टेम्पोचा ड्रायव्हर उरलेली पोती भरायला लागला होता.

मग टाळ थांबले. नुसती खरखर. म्हातारा बंद करायला वाकला, मी त्याचा हात धरला. नवं भरलेलं जुन्यापेक्षा थोडं कमी पडलं असेल तर शेवटी जुनं उरतं, एवढी एकच आशा होती. खरखर चालू राहिली. मी आईकडे बघायचं टाळत होते.

आणि एक मुलगी बोलली. स्वच्छ, टणक, जरा घाईतला आवाज: "झालं का हो काका? बंद करा की मंग. माय बोलवून राह्यली, जाते मी." मागून कुणीतरी हसलं, खट्ट झालं आणि फीत संपली.

गाणं गेलं होतं, सगळंच्या सगळं. एवढंच उरलं होतं. म्हाताऱ्यानं दुसरी बाजू लावून पाहिली, तिथे शेवटपर्यंत भजनच होतं. पण मला कुठलं ऐकू येतंय, मी तिथे भोंग्याला टेकून ढसाढसा रडत होते. आई आपल्या कर्कश घरघरीत म्हणाली, "गाणं तर आलंच न्हाई. मंग रडून का राह्यली?"

"तू बोललीस ना," मी म्हटलं.

तिनं कॅसेट पिशवीत टाकली. रिक्षात बसलो, घरी आलो. तिला आता बोलायला फार त्रास होत होता. शनिवार तसाच गेला. रविवारी सकाळी मी बॅग भरत असताना ती ओट्याशी उभी होती, हातावर पीठ. म्हणाली, "काढ तुझा फोन."

मला वाटलं गौळण म्हणणार. मी फोन धरला. तिनं घसा साफ केला, दुखलं म्हणून डोळे मिटले आणि मग त्या फाटक्या आवाजात एकेक करून म्हणत गेली. जेवायला ये. गॅस बंद केला का. दाराला कडी लाव. एवढा उशीर का झाला. उठ, किती झोपतीस. प्रत्येकाच्या मधे थांबून मला खुणावत होती, की हे वेगळं ठेव, ते वेगळं ठेव. शेवटी म्हणाली, बस झालं, पोळी करपून राह्यली.

ऑपरेशन झालं, नीट पार पडलं. आई आता घशाजवळच्या भोकातून श्वास घेते, त्यावर पातळ रुमाल बांधते. माझा जुना फोन मी तिला दिला आहे आणि तो सदा तिच्या कमरेला असतो. संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत काम करत असते तेव्हा स्वयंपाकघरातून तिचा आवाज येतो, जेवायला ये. मी "आले" म्हणते आणि जात नाही. मग ती तेच पुन्हा लावते, आवाज मोठा करून.