पेटीवरचं आडनाव

मिरजेत सतारींना पॉलिश करणारा एक कारागीर आहे. हातात काम कमी असलं की तो जुनं लाकूडकामही घेतो. वडिलांची सामानाची सागवानी पेटी मी त्याच्याकडे टाकली, कारण मुलीला ती पुण्याच्या फ्लॅटमध्ये हवी होती. चार दिवसांनी त्याचा फोन आला, "साहेब, जरा येऊन बघून जावा."

पेटीच्या समोरच्या फळीवरचा हिरवा ऑइलपेंट त्यानं पात्यानं हळूहळू खरवडला होता. खालून पांढरी अक्षरं वर आली होती. वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका. पलटणीत असताना त्यांनी स्वतः ब्रशनं लिहिलेलं.

"दोन रस्ते हायत," तो म्हणाला. "पीयू, म्हंजे प्लास्टिकसारखा थर मारायचा तर लाकूड घासून पार कोरं करावं लागंल. मग पाणी सांडू दे, गरम कप ठेवू दे, काय होत न्हाई. न्हाईतर लाखेचं हातपॉलिश. त्यात अक्षरं राहतील, पण जपावं लागंल. पाणी पडलं की पांढरा डाग. बोला, नाव ठेवायचं का घासायचं?"

मी म्हणालो, "विचारून सांगतो."

उत्तर एका शब्दाचं होतं. पन्नाशी उलटली तरी ते तोंडातून निघालं नाही.

तो हिरवा रंग मीच दिला होता. कॉलेजसाठी सांगलीत आलो तेव्हा वडिलांनी ती पेटी मला दिली. आम्ही बौद्ध, आमच्या आडनावावरून ते कुणालाही कळतं. दोन ठिकाणी आडनाव ऐकल्यावर खोली नाही म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी मी दुसरंच आडनाव सांगितलं आणि त्याच दिवशी रंगाचा डबा आणला. वडील पहिल्यांदा खोलीवर आले तेव्हा पेटीकडे बघत राहिले. मी म्हणालो, वाळवी लागली होती. ते "बरं" म्हणाले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

मिरजेहून घरी न जाता मी तसाच गावी गेलो, कवठे महांकाळच्या बाजूला. वडील अंगणात शेंगा फोडत बसले होते. शेजारी बसून मीही फोडायला लागलो.

"आबा, त्या पेटीला वाळवी लागली नव्हती."

"म्हाईत हाय."

"कवापासनं?"

"त्याच दिशी. आरं, वाळवी काय नाव वाचून खाती व्हय? आख्खी पेटी सोडून तेवढीच फळी रंगवलीस!"

मला हसू आलं. "मग तवा बोलला का न्हाई तुमी?"

"काय बोलायचं? तुला खोली पायजे हुती. म्या खोलीवर यायचं बंद केलं, एवढंच."

त्यानंतर तीन वर्षं ते सांगलीच्या एसटी स्टँडवरच भेटायचे. डबा आणि पिठाची पिशवी हातात द्यायचे, परतीची गाडी धरायचे. गाडीची वेळ जमत न्हाई, म्हणायचे. ते खरं नाही हे मला तेव्हाही कळत होतं. पण ते माझ्या सोयीचं होतं, म्हणून 'खोलीवर चला' असं मी एकदाही म्हणालो नाही. रंग दिला त्यापेक्षा हे जास्त वाईट.

"चुकलं माझं, आबा."

त्यांनी सोललेले दाणे माझ्या ओंजळीत टाकले. "खा. आन् त्या मानसाला फोन लाव. वाट बघत आसंल."

लावला. "नाव ठेवायचं. लाखेचं पॉलिश करा."

"करतो. पण उरलेला हिरवा काढताना आडनावाची शेवटची दोन अक्षरं बी निघाली, साहेब. आडनाव सांगा, भरून घेतो."

रेंज तुटक होती. अंगणाच्या मधोमध उभं राहून मी आडनाव सांगितलं. त्याला ऐकू गेलं नाही. मग ओरडून सांगितलं, दोनदा. रस्त्यानं जाणारी एक बाई थांबून बघायला लागली.

"गावबी सांग त्येला," मागून वडील म्हणाले. "ते बी पुसलं आसंल."