सलाममावशींची घरबसल्या उपासना

सलाममावशींनी कधी बेल वाजवली नाही. दाराबाहेरूनच 'सलाम!' अशी आरोळी ठोकायच्या, की तळमजल्यावरचं कुत्रंही दचकून उठायचं. त्या ख्रिस्ती, आम्ही बौद्ध. त्यांच्या 'सलाम'ला आई आतून 'जय भीम' म्हणायची आणि दोघींच्या गप्पा सुरू व्हायच्या. खरवईच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मावशी समोरच्या ब्लॉकमध्ये एकट्याच राहायच्या. नर्स होत्या. जन्मभर वॉर्डातल्या पेशंटना दटावलं आणि निवृत्तीनंतर आम्ही हाती लागलो. "केस बांध", "पोक काढू नकोस", "लाड बंद!" माझं लग्नाचं वय झालं होतं, तरी सुटका नव्हती.

मग त्यांचा खुबा मोडला. जिना उतरणं बंद, अंबरनाथचं देऊळ बंद. देऊळ म्हणजे त्यांचं चर्च. येशू पुन्हा जिवंत झाला तो दिवस ईस्टर; त्या पहाटे देवळात पहिलं गीत झालं की मावशी उभ्या राहून ओरडायच्या, "प्रभू उठला आहे!" आणि सगळी मंडळी उत्तर द्यायची, "खरोखर उठला आहे!" हा मान कित्येक वर्षं त्यांचाच. यंदा दुसरं कुणी म्हणेल, असं पाळकसाहेबांनी, म्हणजे त्यांच्या पाद्रींनी, नुसतं सुचवलं, तर बाईंनी जेवण सोडलं.

"दुसरं कोण म्हणणार? सगळ्या कुजबुजणाऱ्या! त्यांच्या आवाजाने शेजारचा माणूस जागा होणार नाही!"

त्यात त्यांना कळलं की आमच्याकडे कॉम्प्युटर, नेट आणि कॅमेरा आहे. मंडळीतला आशिष लॅपटॉप घेऊन देवळात बसणार, असं परस्पर ठरवूनही टाकलं. मला विचारलं कुणी? एक रविवार मिळतो झोपायला, तोही गेला.

पहाटे पांढरी साडी, डोक्यावर पदर, वॉकर ठकठकवत स्वारी हजर. आल्या आल्या हुकूम सुटले. चपला दाराबाहेर. स्क्रीनवरचा हिरोचा फोटो काढ. आईने चहा आणला, तर "उपासनेत चहा?" म्हणून तिलाही झापलं. गीत सुरू झालं. नेटवरून आवाज जरा उशिरा येत होता, त्यामुळे मावशी एक ओळ पुढे. "आशिष, पेटीवाल्याला सांग, झोपलाय तो!" मी कपाळावर हात मारला.

पाळकसाहेबांनी खुणेसाठी हात वर केला आणि चित्र तिथेच अडकलं. मावशी माझा खांदा धरून उठल्या. वॉकरशिवाय उभं राहायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती.

"प्रभू उठला आहे!"

उत्तर नाही. मी वायरी हलवल्या.

"प्रभू उठला आहे!"

स्पीकर मुका. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज फाटला. इतक्या वर्षांत तो फाटलेला मी ऐकला नव्हता. "पोरी, माझं कुणी ऐकतच नाही का गं?"

मला राहवेना. "उठलाय, मावशी! खरोखर उठलाय! बसा आता, नाहीतर दुसरा खुबा मोडेल!"

"असं वैतागून नाही म्हणायचं. नीट म्हण."

नीट म्हटलं. आईनेही म्हटलं. तेवढ्यात मोबाइल वाजला. आशिष होता.

"ताई, चित्र गेलंय, पण तुमच्याकडचा आवाज स्पीकरवर येतोय. आम्ही तिन्ही वेळा उत्तर दिलं. आणि... ते खुब्याचंही ऐकलं सगळ्यांनी."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मावशींनी फोन हिसकावला. "मला उत्तर ऐकू आलं नाही. परत द्या!" आणि भर उपासनेत अख्ख्या मंडळीने दिलं. फोनमधून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. मावशी किती तरी वेळ फोन कानाला लावून बसल्या. डोळे वाहत होते, ते पुसायचंही भान नव्हतं.

पुढचा ईस्टर त्यांना लाभला नाही. एका दुपारी झोपल्या त्या उठल्याच नाहीत. आमच्या दोन दारांमध्ये चार पावलांचं अंतर, आणि ज्या बाईंचा आवाज अंबरनाथच्या मंडळीला पोचला, त्यांनी आम्हाला एक हाक मारली नाही. याचा राग मला अजून येतो.