लाइनीवरची सावड

वाळूजच्या त्या कंपनीत गाड्यांचं वायरिंग तयार होतं आणि तिथं सत्यभामा गायके या बाईला कुणीच नावानं हाक मारत नाही. ती सगळ्यांची मावशी. गेटवरचा वॉचमन वयानं तिच्यापेक्षा मोठा, मिशा पिकलेला, तरी त्याचीही मावशीच. बाई तोंडाची फटकळ. पण कामाला असा हात, की नवी पोरगी तिच्याशेजारी उभी केली की सुपरवायझर निर्धास्त चहाला जातो.

आता ही लाइन म्हणजे काय, ते आधी ऐका. एका पट्ट्यावरून लाकडी बोर्ड सरकत येतात. प्रत्येक बाईनं आपल्या वाट्याच्या चार-पाच वायरी त्या बोर्डावर बसवायच्या आणि बोर्ड पुढं सोडायचा. एक बाई जागेवरून उठली की पुढच्या सगळ्या हातावर हात ठेवून उभ्या. त्यामुळं पाणी प्यायला जायचं तरी बाया एकमेकींची तोंडं बघतात.

सत्यभामा या लाइनीवर लागली तेव्हा तिची सायली तीन महिन्यांची होती. नवरा कडुबा टेंपोवर, घर बजाजनगरच्या एका खोलीत, लेकराला बघायला कोण? दौलताबादजवळच्या गावी आईकडं पोर ठेवली आणि ही कामावर आली. दुपार झाली की छाती दगड व्हायची. जेवणाच्या सुट्टीत ती बाथरूममध्ये जायची आणि दूध पिळून बेसिनमध्ये टाकायची. नळ सोडून द्यायची, म्हणजे बाहेर रडण्याचा आवाज नको. नोकरी म्हटलं की हे असंच असतंय, अशी तिची समजूत होती. कुणाला विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. पुढं दोन वर्षांनी सायलीला घरी आणली तर पोर हिच्या कडेवर राहीना, आजीकडं हात करून आकांत करायची. आज सायली शहरात नर्स आहे आणि मायलेकींचं गुळपीठ आहे.

सायली मोठी झाली तोवर कायदा बदलला. एवढी माणसं असलेल्या कंपनीनं पाळणाघर काढलंच पाहिजे, असा नियम आला. कंपनीनं कँटीनमागची एक खोली रंगवली, पाळणे टांगले, लेकरं सांभाळायला दोन बाया नेमल्या. सत्यभामाचं तिथं कुणी नव्हतं, तरी ती डबा खाऊन झाला की तिकडं एक चक्कर मारायची. एखादं पोर झोपेत हसलं की तिला भरून यायचं. "ज्या कुणाच्या डोक्यात हे आलं," ती मोठ्यानं म्हणायची, "त्याच्या लेकराबाळांचं सोनं होवो बाई!"

त्या पाळणाघरात शिवम आला तो रूपालीचा. रूपाली बजाजनगरातच सत्यभामाच्या मागच्या गल्लीत राहायची. बाळंतपणाची सहा महिन्यांची भरपगारी सुट्टी घेऊन ती परत कामावर आली होती आणि थोड्याच दिवसांत परमनंट व्हायची होती. घरात सासू द्वारकाबाईनं आधीच बजावलं होतं, "दुसऱ्याच्या हाती लेकरू देऊन कसली नोकरी? एक तक्रार आली का बस्स, घरी बसायचं." नवऱ्याचं काम आज असायचं, उद्या नसायचं. रूपालीची ही जागा गेली असती तर घराचा टेकाच गेला असता.

कायद्यानं आईला दिवसातून चार वेळा लेकराकडं जायची मुभा आहे. कागदावर झकास! पण लाइनीवर? पहिल्या दिवशी रूपाली जागची हललीच नाही. दुपारपर्यंत तिचा ॲप्रन पुढून ओला झाला. शेजारी उभ्या सत्यभामानं ते बघितलं.

"ऊठ. जा त्याच्याकडं."

"मावशी, बोर्ड साचत्याल."

"साचत्यात कशाला? मी मेले का काय? जा म्हणते ना!"

रूपाली गेली आणि मावशीनं दोन जागा एकटीनं ओढल्या. दुसऱ्या दिवशी पलीकडची सुलेखा म्हणाली, आज मी करते. झालं, सावड सुरू झाली. खेड्यातून आलेल्या बायांना सावड काय शिकवायची? आज मी तुझ्या रानात खुरपायला येते, उद्या तू माझ्या रानात ये. तसंच इथं. रूपाली शिवमला पाजून यायची आणि मग ज्या बाईनं तिची जागा धरली तिला चहाला सोडून सावड फेडायची. लाइन एकदाही थांबली नाही. सुपरवायझर पुंडलिकला बोर्ड वेळेवर मिळत होते, त्यानं कधी मान वर करून बघितलं नाही. बायांना तर आपल्या युक्तीचा भारी अभिमान.

आणि एक दिवस घोटाळा झाला. गाडीच्या कारखान्यातून माल परत आला. एका वायरिंगमध्ये दोन वायरींची अदलाबदल झाली होती, हॉर्न दाबला की काचेवरचा वायपर हलायचा! तपासणीतून ते कसं सुटलं देव जाणे. कुणाच्या जागेवरची चूक, ते शोधलं तर नाव निघालं रूपालीचं.

पुंडलिक सगळ्यांदेखत कडाडला, "हात बोर्डावर अन् ध्यान पाळण्यात! असं नाय चालायचं. मी मेमो लिहितोय. परमनंट व्हायचं इसर आता."

रूपाली खाली मान घालून उभी राहिली. त्या वेळी मी जागेवर नव्हते, एवढं एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. पण बोलावं तर मावशीचं नाव येणार आणि सगळ्या बायांची सावड उघडी पडणार. पोरीनं ओठ दाबून धरले.

सत्यभामानं परत आलेल्या वायरिंगवरची तारीख-वेळ वाचली. त्या दुपारी रूपालीची जागा तिनं धरली होती, हे तिला पक्कं आठवत होतं. एवढ्या वर्षांत तिच्या नावावर एक मेमो नव्हता. गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"पुंडलिकभाऊ, ती चूक माझी हाय."

"मावशी, तुमी मधी पडू नका. जागा तिची, चूक तिची."

"जागा तिची आन् हात माझा! चला, मॅडमकडं चला. तू बी चल गं, रडतीस काय?"

मॅडम म्हणजे विशाखा. कंपनीत माणसांचं खातं तीच बघते. वयानं सायलीएवढी, पण शांत, समोरच्याचं पुरतं ऐकून घेणारी. सत्यभामानं तिच्यापुढं सावडीचं सगळं घडाघडा सांगून टाकलं आणि शेवटी म्हणाली, "मला काढा, पण ह्या पोरीचं परमनंट थांबवू नका."

विशाखा म्हणाली, "मावशी, मी पुंडलिकना दर वेळी विचारते, आया लेकरांकडे जातात का? ते म्हणतात, जातात. लाइन थांबते का? नाही थांबत. मग माणूस कमी पडतंय, हे मला कुठून कळावं?"

"म्हंजी? आमी चांगलं केलं ते वाईट झालं?"

"चांगलंच केलंत. पण रूपालीची लेकराकडे जायची सुट्टी कंपनीनं द्यायची असते, तसा कायदाच आहे. ती तुम्ही सगळ्यांनी आपल्या अंगावर घेतलीत. दोन जागा एका बाईनं केल्यावर चूक होणारच."

तेवढ्यात पुंडलिकला कंठ फुटला. "मॅडम, मला वरून टार्गेटसाठी रोज शिव्या. एक माणूस जादा द्या की मला! मंग मी कशाला कुणावर वरडू?" गडी पहिल्यांदा पोटातलं खरं बोलला. सत्यभामाला त्याची दया आली.

पुढचे काही दिवस रूपालीला घास गोड लागला नाही. द्वारकाबाईला घरी काही सांगितलेलं नव्हतं. वरच्या साहेबांनी कटकट केली, खर्चाचं रडगाणं गायलं. पण विशाखा मागं हटली नाही, कायदा पुढं ठेवून बसली. शेवटी ठरलं, की प्रत्येक लाइनीवर एक बदली बाई ठेवायची. कुणी लेकराकडं गेली की तिनं त्या जागी उभं राहायचं, तिला स्वतःची अशी जागा नसेल. रूपालीचा मेमो रद्द झाला, आणि महिनाअखेरीस ती परमनंट झाली. पहिली बदली बाई कोण? सगळ्या जागा हातात बसलेली एकच होती. मावशीला बदली बाईचा पिवळा ॲप्रन मिळाला.

सत्यभामा घरून शेंगदाण्याचे लाडू करून विशाखाकडं गेली. "मॅडम, तुमचे लई उपकार. आन् ह्या नव्या कायद्याचे बी."

विशाखानं लाडू घेतला. म्हणाली, "पाळणाघराचा नियम नवा आहे, मावशी. पण दूध पाजायला सुट्टी द्यायची, हा नवा नाही. दिवसातून दोनदा तरी सोडायचंच, हे एकसष्ट सालापासून आहे."

"एकसष्ट?" सत्यभामाला वाटलं, आपली ऐकण्यात गफलत होतेय. "म्हंजी माझी सायली तान्ही व्हती तवा बी व्हता?"

"होता. तुम्हाला कुणी सांगितलं नाही."

सत्यभामा कँटीनमध्ये येऊन बसली. आधी संतापच आला. ती बाथरूम, तो नळ, ते दूध! कुणाच्या नावानं बोटं मोडावीत तेही कळेना. मग मनात दुसरंच काहीतरी आलं. एकसष्ट साल. तेव्हा तिचा जन्म नव्हता, तिच्या आईचं लग्न नव्हतं. आणि तेव्हा कुठंतरी दूर बसून कुणीतरी म्हटलं होतं, की उद्या कामावर एक बाई येईल, तिचं लेकरू तान्हं असेल, तिला सोडा. आपला विचार कुणी केलाच नव्हता, असं ती जन्मभर धरून चालली होती. तिनं ॲप्रनला डोळे पुसले आणि कुणाचं नाव माहीत नसताना हात जोडले. मग पाळणाघरातून रूपालीनं खिडकीतून हाक मारली, शिवमला दात आलाय म्हणून. मावशी दात बघायला गेली.

पुढच्या आठवड्यात लाइनीवर प्रेरणा नावाची नवी पोरगी लागली. आयटीआय झालेली, दोन वेण्या घातलेली. पुंडलिकनं तिला मावशीच्या हाती दिलं. मावशीनं वायर हातात घ्यायच्या आधी तोंड उघडलं.

"हे बघ पोरी, उद्या तुला लेकरू झालं का चार वेळा त्याच्याकडं जायचं. कायदा हाय. कुणाला इचारायचं नाय, कुणापुढं लाजायचं नाय. ध्यानात ठेव."

प्रेरणा लाजून लाल झाली. "अवो मावशी, माझं लगीन बी नाय ठरलं अजून!"

सगळ्या बाया खो-खो हसल्या. मावशी हसली नाही.

"मंग काय झालं? माझा जलम बी नव्हता तवाच कुणी तरी माझ्यासाठी ठरवून ठेवलं व्हतं. मला उशिरा कळलं. तुला आजच कळू दे."