निवांत सहलीचं वेळापत्रक

माझ्या भावोजींना निवांत बसायचं असलं, तरी आधी त्याचा तक्ता करावा लागतो. मेहुणीला थट्टेचा हक्क असतो म्हणून मी हे म्हणत नाही. तो तक्ता माझ्याकडे आहे. प्लास्टिकचं आवरण घातलेला, दोन्ही बाजूंनी छापलेला. वर ठळक अक्षरांत 'निवृत्तीनंतरची निवांत सहल, दिवस बारा'. खाली 'निसर्गसौंदर्य: २० मिनिटं. चहा: १० मिनिटं. विश्रांती, आवश्यक असल्यास: १५ मिनिटं.'

चौतीस वर्षं ते बसच्या आगारात वाहतूक नियंत्रक होते. फलाटाच्या टोकाला काचेची खोली असते, तिच्यात बसून कुठली गाडी कुठे लागली आणि कधी सुटणार हे ध्वनिक्षेपकावरून सांगायचं, आणि वेळ झाली की ती सोडायची. ती त्यांनी सोडली. धापा टाकत येणारा माणूस डोळ्यांना दिसत असला तरी सोडली. 'दोन मिनिटांनी काय फरक पडतो हो?' असं कुणी काचेला नाक लावून विचारलं की ते शांतपणे म्हणायचे, "तुम्हाला नाही पडत. गाडीला पडतो." हे वाक्य ते घरी आल्यावर पुन्हा सांगायचे आणि आपणच हसायचे.

माझी ताई तेव्हा ताट झाकून बसलेली असायची. तिचं शिवणकाम घरातच चालायचं, मागच्या खोलीत. मशीनच्या वर भिंतीवर एका कॅलेंडरचं पान होतं. कॅलेंडर कधीच संपलं होतं, पान मात्र तिनं काढलं नाही. त्यात वाळवंट होतं: वाळूच्या टेकड्या, त्यांच्यावर सावल्यांच्या घड्या, आणि माणूस एकही नाही. गिऱ्हाइकाचा ब्लाऊज तिसऱ्यांदा उसवताना ताई त्या पानाकडे बघायची. "मला तिथे नुसतं बसायचंय," ती म्हणायची. "पोट भरेपर्यंत." भावोजी म्हणायचे, "बघायचंय काय तिथे? वाळू आहे."

मग भावोजी निवृत्त झाले. निरोप समारंभात सगळ्यांनी त्यांना 'आता निवांत व्हा' म्हणून सांगितलं आणि भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं. आगाराच्या विनोदबुद्धीवर माझा त्या दिवसापासून विश्वास बसला. ते घड्याळ घेऊन भावोजी दोन महिने घरभर फिरले. भाजीला उशिरा फोडणी पडली तर कारण लेखी द्या म्हणायचे तेवढे बाकी राहिले होते. शेवटी ताईनंच विषय काढला, की वाळवंटातली निसर्ग उद्यानं बघायला जाऊ, मोठ्या रस्त्यानं नको, आडरस्त्यांनी, थांबत थांबत जाऊ. 'थांबत थांबत' हे शब्द भावोजींना फार आवडले. त्यांनी त्याच दुपारी थांबे ठरवले. एकूण सेहेचाळीस.

गाडी निघाली तेव्हाची बसायची व्यवस्था तुम्हाला सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे झालं. पुढच्या सीटवर नकाशे, प्रथमोपचाराची पेटी, थर्मास आणि रोजची नोंदवही. त्यामुळे ताई मागे. मागेही अर्ध्या सीटवर बॅगांचा डोंगर, म्हणजे आरशातून ताई दिसायची ती फक्त कपाळापुरती, तीही नीट बसली तर. पण भावोजींना आरसा लागतोच कशाला? आगारातला नियम असा, की कंडक्टरनं घंटी दोनदा वाजवली की ड्रायव्हरनं गाडी काढायची. मागे वळून बघायचं नाही, काही विचारायचं नाही. तोच नियम त्यांनी घरच्या गाडीला लावला. ताईनं बसायचं, दार ओढून घ्यायचं आणि पत्र्यावर दोनदा थाप मारायची. ताई पहिल्या दिवशी हसली. दुसऱ्या दिवशी तिनं थाप जरा जोरात मारली.

पहिल्या तीन दिवसांत त्यांनी नऊ उद्यानं बघितली. बघितली म्हणजे उरकली. दगडाच्या कमानीखाली ताई उभी राहून वर बघत होती तेवढ्यात हॉर्न वाजला. मिठाच्या पांढऱ्या मैदानात ती चप्पल काढून चार पावलं चालली, तेवढ्यात हॉर्न वाजला. एका आडरस्त्याला काटेरी झुडपांवर पिवळी फुलं आली होती. ती पाच मिनिटं बघू द्या म्हणून ताईनं अक्षरशः हातापाया पडायचं बाकी ठेवलं, तर भावोजी म्हणाले, "हा मंजूर थांबा नाही." हे त्यांनी गमतीनं म्हटलं असं त्यांचं म्हणणं आहे. मी त्यांना ओळखते.

चौथ्या दिवशी सकाळी ताईचा मला विश्रामगृहातून फोन आला. आवाज अगदी शांत होता, म्हणून मी घाबरले.

"तुझी मागची खोली रिकामी आहे का?" तिनं विचारलं.

"आहे. का गं?"

"आज वाळूच्या टेकड्या आहेत. यांच्या तक्त्यात वीस मिनिटं लिहिलीत. मी आत्ताच सांगितलंय यांना, तिथे मला घड्याळ दाखवलं तर उद्याच्या बसनं मी बहिणीकडे जाणार. आणि राहणार. दोन दिवस नाही, राहणार."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, वीसची पंचवीस करतो."

मी फोन ठेवला आणि खरंच खोली झाडायला घेतली. खोटं कशाला बोलू, मला राग आला होता तसा थोडा आनंदही झाला होता. ताई माझ्याकडे येणार, या वयात दोघी बहिणी एकत्र राहणार. मी गादीला नवी चादरसुद्धा घातली.

तिकडे ताईनं तोंडाला कुलूप लावलं. टेकड्यांपर्यंतचा सगळा रस्ता ती एक अक्षर बोलली नाही. पावणेतीनला ते पोचले. ताई पाण्याची बाटली घेऊन उतरली आणि मागे न बघता वाळूत चालत सुटली. पर्स, फोन, शाल सगळं सीटवरच राहिलं. भावोजी गाडीतच बसले. तिथे एकच झाड होतं, त्याच्या सावलीत त्यांनी गाडी लावली होती. एसी चालू, काचा बंद, डोळे मिटलेले. सुटायची वेळ तीन दहा.

ती सावलीची जागा उद्यानाच्या पाण्याच्या टँकरची होती. तीनच्या सुमाराला टँकर आला. भावोजी हलेनात. तीन वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे बरोबर त्या मिनिटाला, उद्यानाच्या रखवालदारानं वैतागून गाडीच्या मागच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. काढा, एवढाच त्याचा अर्थ. भावोजींनी डोळे उघडले, घड्याळ बघितलं, आणि त्यांचा ऊर भरून आला. बायको वेळेवर आली होती. त्यांनी गाडी काढली.

"अहो, पण दार लागल्याचा आवाज?" मी नंतर त्यांना विचारलं.

"आला होता," ते म्हणाले.

माझ्या मते तो टँकरचा होता.

मागून आवाज येत नव्हता, पण तो सकाळपासूनच येत नव्हता. दहा-बारा किलोमीटर गेल्यावर भावोजींनाच तो अबोला सहन होईना. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना काही नाही, आणि तोंड फिरवून बसलेली बायको. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ध्वनिक्षेपकाशिवाय बोलायला सुरुवात केली. "बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण ऐकून तरी घे," म्हणाले. आणि पुढचे तीस किलोमीटर तो माणूस बोलत राहिला. मधे एकदा तर वेगसुद्धा कमी केला. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग? आता तरी समजलं ना तुला?" उत्तर नाही. तेव्हा त्यांनी आरसा खाली केला.

शाल होती. पर्स होती.

भावोजींची पाचावर धारण बसली. फोन करावा तर रेंज नाही, आणि करणार कुणाला, ताईचा फोन तर मागच्या सीटवर. त्यांनी गाडी वळवली. आडरस्ता, मधेच मेंढ्यांचा कळप, मग रस्त्यावर आलेली वाळू. तक्त्यात परतीचा प्रवास नव्हताच, त्यामुळे त्याला किती वेळ लागतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. फाटकापाशी ते पोचले तेव्हा आडवा बांबू खाली आला होता आणि त्याच्यामागे तोच रखवालदार खुर्ची टाकून बसला होता.

"शेवटचा प्रवेश साडेचार," तो म्हणाला. "पाच वाजून दोन मिनिटं झालीत."

"अहो, माझी बायको आत राहिलीय!"

"असेल. बाहेर यायला त्यांना वेळ आहे. आत जायची वेळ संपली."

"माणुसकी म्हणून काही आहे की नाही? मी एवढ्या लांबून आलोय. जरा उशीर झाला तर काय फरक पडतो हो?"

हे शब्द तोंडातून निघाले, आणि ते आधी कुठे ऐकलेत हे भावोजींना आठवलं. रखवालदाराला ते विशेष वाटले नाहीत, त्याला रोजच कुणी तरी हे विचारत असणार. त्यानं खाली बघूनच सांगितलं की गाडी जाणार नाही, पण पायी माणसाला बांबू आडवा येत नाही. मग ऑफिसचे काळे बूट घालून, कमरेत वाकून, माझे भावोजी त्या बांबूखालून आत गेले. पुढे दोन किलोमीटर वाळू होती.

ताईचं सांगायचं तर गाडी निघताना तिनं वरून बघितलं. आधी वाटलं, सावली बदलतायत. मग धूळ लांब जाताना दिसली. ती रडली, हे तिनं मला नंतर सरळ सांगितलं. चौतीस वर्षांचं उत्तर एकदाचं मिळालं असं तिला वाटलं. रखवालदार फोन करू का विचारायला टेकडीवर आला, तर म्हणाली, "नको. आले तर आले. नाही तर उद्या बस आहे." मग रडून झाल्यावर करण्यासारखं काहीच उरलं नाही, तेव्हा ती बसली. वारा यायचा, वाळूवरच्या रेघा पुसायचा, नव्या काढायचा. हॉर्न वाजला नाही. "दोन तास कुणी मला हाक मारली नाही," ती म्हणाली. "मला आधी भीती वाटली, आणि मग इतकं बरं वाटलं, की त्याचीच लाज वाटली."

भावोजी वर पोचले तेव्हा बुटांत वाळू, शर्ट घामानं चिकटलेला. ताई उठली नाही.

"मला वाटलं, तू बसलीस," ते म्हणाले. "मी तुला सगळं सांगितलं. तीस किलोमीटर."

"काय सांगितलं?"

"आता परत कसं सांगू?"

"नका सांगू. उद्या बस आहे."

तेव्हा ते वाळूत बसले आणि पुन्हा सांगितलं. या खेपेला तीस किलोमीटर लागले नाहीत. सकाळी जाग आली की छातीत धडधडतं, म्हणाले. उठून करायचं काय, हेच कळत नाही. आगारात हजार माणसं काचेकडे बघत असायची, मी बोललो की हलायची. आता मी बोललो काय, न बोललो काय. म्हणून तो तक्ता. तक्त्याच्या बाहेर मी कुणीच नाही गं. या जगात आता कुणी माझी वाट बघत नाही.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी बघितली ना. चौतीस वर्षं. रोज, ताट झाकून. तुम्ही काय करत होतात तेव्हा?"

भावोजी बूट काढून त्यांतली वाळू ओतायला लागले.

ताई उठली, लुगड्याला लागलेली वाळू झटकली. "मी त्या पलीकडच्या टेकडीवर जाऊन येते. तुम्ही इथे बसा."

"कधी येशील?"

"सांगत नाही."

आणि ती गेली. उताराआड आधी पाय गेले, मग पाठ, मग डोकं. भावोजी एकटे बसले. उन्हं उतरली, सावल्या लांबल्या, खाली रखवालदार बाहेर पडणाऱ्यांना हात करत होता. एकदा ते उठले, तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती येणार की नाही हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. दिवस बुडता बुडता ती आली तेव्हा ते जिथे बसले होते तिथेच होते. तिनं हात पुढे केला आणि त्यांना उठवलं.

माझी खोली रिकामीच राहिली. चादर मी घडी घालून ठेवली. ती दोघं त्या टेकड्यांपाशी आणखी चार दिवस राहिली, उरलेले थांबे रद्द झाले. भावोजी आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ती संध्याकाळ सांगतात. वाट बघणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं, म्हणतात. घड्याळाकडे एकदाही न बघता तिची वाट बघत बसलो, म्हणतात, एक तास बावीस मिनिटं.