नानांच्या खांद्यावरची नागा शाल

सरांनी नानांच्या खांद्यावर शाल घातली, टाळ्या झाल्या, आणि माझ्या शेजारी बसलेल्या सेन्टिलाताई ताडकन उभ्या राहिल्या. ती शाल त्यांच्या आजोबांची होती.

मी नैसर्गिक रंगाई शिकवते. मुळं, साली, पानं उकळून सूत रंगवायचं. पिंपळनेरला बचत गटाच्या बायकांसाठी आमच्या संस्थेचं शिबिर होतं. सर संस्थेचे प्रमुख. सेन्टिलाताई नागालँडच्या विणकर. त्यांच्या गावातही आता बाजारचंच रंगीत सूत वापरतात. आजोबांच्या शालीतला लाल रंग वेलीच्या मुळांचा. तो पुन्हा जमवायचा, म्हणून त्यांनी शाल नमुन्याला आणली होती. ती प्रदर्शनाच्या टेबलावर होती.

चूक माझी होती. नैसर्गिक रंगाच्या शिबिरात पॉलिएस्टरच्या शालींनी सत्कार करणं हा ढोंगीपणा आहे, असं मी सरांना दोन पानी पत्र लिहून कळवलं होतं. सर बधले नाहीत. मग निषेध म्हणून मी दोनच शाली आणल्या. स्टेजवर ऐनवेळी तीन माणसं चढली. तिसरे नाना. गावातले मोठे बागायतदार, हॉलही त्यांचाच. सरांनी टेबलावरून हाताला लागेल ती शाल उचलली.

एप्रिल होता. नाना घामाने डबडबलेले. तुरटीसारख्या ज्या वस्तूने रंग सुताला धरून राहतो, तिला आम्ही मॉर्डंट म्हणतो. पण इतक्या जुन्या रंगावर घाम मुरला तर मॉर्डंटचाही भरवसा नाही.

मी सरांना कोपऱ्यात गाठलं. "शाल परत मागा."

"तू माग. तत्त्वं तुझी आहेत."

मी मागितली. नाना अहिराणीत खवळले. "सत्कारनी शाल कोनी परत मांगस का? मना अपमान शे हाऊ!"

सेन्टिलाताई पुढे आल्या. शांतपणे हिंदीत म्हणाल्या, "नानाजी, ही शाल अशीच कुणी घेत नाही. ज्याने अख्ख्या गावाला जेवण घातलं, त्यालाच ती मिळते. माझ्या आजोबांनी घातलं होतं."

मला वाटलं, झालं काम. नानांनी माईक ओढला.

"इतलंच ना? मी बठ्ठा गावले जेवाडसू! वरण-बट्टी!"

बट्टी म्हणजे कणकेचे भाजलेले गोळे, इकडचं गावजेवण. हॉल दणाणला. सर चक्क टाळ्या वाजवत होते. मी त्यांच्याकडे पाहिल्यावर त्यांनी हात खिशात घातले.

सेन्टिलाताई जराही हलल्या नाहीत. "एका जेवणावर नाही मिळत. एकामागून एक घालावी लागतात. दर वेळी आधीपेक्षा मोठं."

"घालसू!" नानांनी शाल आणखी घट्ट गुंडाळली. कपाळावरून घाम ओघळून लाल पट्ट्याच्या बोटभर वर थांबला.

तेवढ्यात बचत गटाच्या बायकांतून अक्का उठल्या. अक्का म्हणजे नानांच्या पत्नी. हात कोपरापर्यंत मंजिष्ठेच्या रंगाने लाल. त्यांनी सेन्टिलाताईंना हिंदीत विचारलं, "इतक्या जेवणांचा स्वयंपाक कोण करतं तुमच्याकडे?"

सेन्टिलाताईंना हसू आवरेना. "ज्याची शाल, त्याच्या घरच्या बायका."

अक्का स्टेजवर चढल्या. "बठ्ठा गावन्या बट्ट्या कोन भाजी? काढा ती शाल."

नानांनी माईककडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. सर छताकडे पाहत होते. शाल निघाली. अक्कांनी हात पुढे केला, आपले लाल पंजे पाहून मागे घेतला आणि मला म्हणाल्या, "तू धर."

डाग एकही नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या लाल रंगाशी सूत जुळवायला बसलो. चौथ्या उकळीला जुळलं. नाना बघायला आले नाहीत. हॉलची चावी मात्र वेळेवर पाठवली.

या धंद्यात मी एक गोष्ट पक्की शिकले. कुठलीही परंपरा खांद्यावर घेण्याआधी बट्ट्या कोण भाजणार, ते विचारून घ्यावं.