सोप्या शब्दाचं बोट धरून

आमच्या यॉर्कमध्ये जुनी धर्मनाटकं गाड्यांवर होतात. एका चौकात प्रसंग झाला, की माणसं गाडी ओढत पुढच्या चौकात नेतात आणि तोच प्रसंग पुन्हा करतात. आमच्या गाडीखाली, पडद्याआड, डोरीन ओल्डरॉइड बसते. कुणी विसरलं, की शब्द पुरवते. आयुष्य चॉकलेटच्या कारखान्यात गेलं, पण तिला सगळे ओळखतात ते गाडीखालची डोरीन म्हणून.

यंदा माझी नऊ वर्षांची लेक हेटी देवदूत झाली. ती बोलताना अडखळते. ‘सुख’ शब्दापाशी तर हमखास, आणि तिचं एकुलतं एक वाक्य होतं, ‘मेंढपाळांनो, मी सुख घेऊन आले आहे.’ तालमीत तिथवर आली की मान खाली जायची.

“हिला न बोलणारं काम द्यायला सांगा ना,” मी डोरीनला म्हटलं. “भर रस्त्यात फजिती झाली तर ही पुन्हा तोंड उघडायची नाही.”

“माझा नवरा, लेन, असाच अडखळायचा,” डोरीन म्हणाली. “त्याला ‘डोरीन’ म्हणताच यायचं नाही. मग कधी राणी, कधी म्हातारे, कधी वेडे म्हणायचा. इतर बायकांना जन्मभर एकच नाव. मला रोज नवं.”

हेटी खुदकन हसली. डोरीन तिच्याकडे वळली. “हे बघ पोरी, ही नाटकं लिहिणारे एकच गोष्ट दोन शब्दांत सांगायचे. भय नि धास्ती. घर नि निवारा. ओळ भरते, कानाला गोड लागतं. तूही तसंच कर. सोपा शब्द आधी. त्याचं बोट धरून अवघड येतो मागून.”

“आणि नाही आला तर?” हेटीनं विचारलं.

“सोप्यानं काम केलेलंच असतं की.”

पहिला चौक. “मेंढपाळांनो, मी आनंद…” हेटी थांबली. गाडीखालून आवाज नाही. डोरीन नुसती वाट पाहत होती.

“…आनंद नि सुख घेऊन आले आहे.”

चौकाचौकांत तसंच झालं. शेवटच्या चौकात मात्र ‘सुख’ आधी आलं, सरळ, न अडखळता. ‘आनंद’ मागून.

डोरीन गुडघे चोळत गाडीखालून बाहेर आली. “आता एकटं सुखही चाललं असतं की गं.”

“चाललं असतं,” हेटी म्हणाली. “पण दोन्ही बरोबर बरे वाटतात, राणी.”

डोरीननं तिला हलकेच टपली मारली, आणि बराच वेळ गुडघेच चोळत राहिली.