अक्कांचा होकार

अक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या ऑफिसच्या साहेबांशी भांडत होत्या, आणि भांडण जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात दवाखान्यांसाठी नंबर लावायचं सॉफ्टवेअर बनायचं. अक्का टीमच्या प्रमुख. नाव महादेवी, गाव चंदगडकडचं; तिकडच्या बायकांसारखं त्याही 'करतो, जातो' असंच बोलायच्या.

नव्या माणसाला त्यांचा पहिला धडा ठरलेला. "सर्व्हरप्रमाणं बदलतंय ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये. सर्व्हर सुरू होताना ते एकदा वाचतोय, झालं; मग बदलायचं तर सर्व्हरच पुन्हा सुरू करायचा. माणसाप्रमाणं बदलतंय त्याला फीचर फ्लॅग, म्हंजे ज्याचं त्याचं वेगळं बटण. चालू कामात बंद करता आलं पायजे की!"

पुढं साहेबांनी नवी सोय काढली. काउंटरवरून हाक मारायची नाही, नंबर आला की पेशंटच्या मोबाईलवर मेसेज. अक्कांना फ्लॅग हवा होता. "आधी एका दवाखान्यात लावू. न्हाय जमलं तर तेवढ्यापुरतं बंद करू."

"त्यात आठवडा जाईल. व्हेरिएबल टाका, एका ओळीचं काम," साहेब म्हणाले.

अक्का पुष्कळ भांडल्या. शेवटी दमल्या आणि म्हणाल्या, "बरं, टाकतो."

सोमवारी सगळ्याच दवाखान्यांत मेसेज सुरू झाले, हाका थांबल्या. लोक खोळंबल्याचे फोन येऊ लागले. बंद करायचं तर सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागणार, चालू नोंदी अडकणार. "दुपारी बघू," साहेब म्हणाले. अक्का तडक शाहूपुरीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेल्या आणि स्वतः नावं पुकारू लागल्या. एका नावाला कुणी ओ दिली नाही. ते नाव एका म्हातारबांचं होतं; बसून बसून कंटाळले आणि चंदगडची एसटी धरून परत गेले, असं शेजारच्या पेशंटनं सांगितलं.

रविवारी अक्का आणि मी म्हातारबांच्या घरी गेलो. अक्कांनी सगळं सांगितलं, तर म्हातारबाच ओशाळले. "तुमचं काय न्हाय बाई. मलाच मोबाईल वाचाय येत न्हाय. चुकलं माझं."

"आजोबा, उद्या गाडीतनं नेतो, परत आणून सोडतो," अक्का म्हणाल्या.

"नगं. जवळचं दिसतंय तेवढं लई झालं. आता त्या गर्दीत न्हाय यायचं."

अक्कांनी परोपरीनं विनवलं. ते हसून मान हलवत राहिले. निघताना सुनेनं काजू बांधून दिले.

वाटेत अक्का एवढंच बोलल्या, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. साहेब खरोखर हळहळले. म्हणाले, "थांबा हो. तुमचा फ्लॅग करा, लागेल तेवढा वेळ घ्या."

"आता कुणासाठी, साहेब?" अक्का म्हणाल्या. पहिल्यांदाच इतक्या हळू.